त्याला जास्त, मला कमी!

शाळांना सुटी लागली, किंवा पावसाची झड चार दिवस हटेना, की घरोघरी एक न्यायालय सुरू होते. वादी सात वर्षांचा, प्रतिवादी चार वर्षांची आणि न्यायासनावर पोळ्या लाटीत बसलेली आई. फिर्याद बहुधा एकच असते: "ममा, ही मला वेडावून दाखवते." प्रतिवादीचे उत्तरही ठरलेले असते: "आधी त्याने मला ढब्बी म्हटले." पुरावा कोणाजवळच नसतो. साक्षीदार म्हणावे तर पाळण्यातले बाळ आणि खिडकीतले मांजर. आई हातचे लाटणे न ठेवताच निकाल देते, आणि तो निकाल दोघांपैकी एकास हटकून अन्यायाचा वाटतो. घटकाभराने तेच दोघे एका पायरीवर बसून एकच पेरू आळीपाळीने चावताना दिसतात. आईचे डोके मात्र दिवेलागणीपर्यंत दुखत राहते.

गंमत म्हणून हे चित्र रंगवावयास बरे आहे. परंतु ज्या घरात हे न्यायालय रोज भरते, तेथील मातापित्यांस त्यात गंमत वाटत नाही, हे आम्ही जाणतो. पूर्वी बेळगाव-खानापूरकडील किंवा गोव्यातील मोठ्या घरांत आजी, काकू, आत्या यांपैकी कोणी ना कोणी हाताशी असे; रुसलेले मूल कोणाच्या तरी पदराआड जाऊन शांत होई. आज आपली कुटुंबे वडोदरा, इंदूर, हैदराबाद अशा शहरांतील दोन खोल्यांत राहतात. टेबल एक, पंखा एक, मोबाइल एक, आणि दिवसभर नोकरी करून थकलेले आईबाप. भांडणाला कारणे तीच आहेत. त्याला जिरवणारी माणसे तेवढी कमी झाली.

हा विषय ख्रिस्ती परंपरेस नवा नाही. पवित्र शास्त्रातील पहिले दोन भाऊ काइन आणि हाबेल. त्यांची कथा कशी संपली हे सर्वांस ठाऊक आहे. संत ऑगस्टिन यांनी इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या पहिल्याच भागात एका तान्ह्या बाळाचे वर्णन केले आहे. त्याला अजून बोलताही येत नव्हते, परंतु आपल्याबरोबर त्याच दुधावर वाढणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने आणि कडवट नजरेने पाहत होते. आया आणि दाया असल्या मत्सरावर आपणाजवळ उपाय असल्याचे सांगतात, असेही संतांनी तेथे नमूद केले आहे. ते उपाय कोणते, हे मात्र त्यांनाही उमगले नसावे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या आयांचे ते औषध हरवले याचे आम्हांस राहून राहून वाईट वाटते.

हाच मत्सर आधुनिक अभ्यासकांनीही घरोघर जाऊन पाहिला आहे. ज्यूडी डन आणि कॅरोल केंड्रिक या दोन विदुषींनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे चाळीस कुटुंबांत दुसरे मूल जन्मण्याच्या आधीपासून निरीक्षण केले आणि १९८२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. धाकटे घरात आल्यावर थोरल्याशी आईचे खेळणे-बोलणे घटते आणि "हे करू नकोस, तेथे जाऊ नकोस" हे वाढते, असे त्यांना आढळले. यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु त्यांचे दुसरे निरीक्षण आपल्या आयांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या घरांत आईने पहिल्या काही आठवड्यांतच थोरल्याशी बाळाविषयी एका माणसाविषयी बोलावे तसे बोलणे केले, म्हणजे "ते का रडत असेल बरे? त्याला भूक लागली असेल का? तुला काय वाटते?" असे विचारले, त्या घरांतील भावंडे वर्षभरानंतरही एकमेकांशी अधिक जिव्हाळ्याने वागत होती. बाळ म्हणजे आईचा वेळ खाणारे गाठोडे नव्हे, त्याला आपल्यासारखेच मन आहे, ही ओळख थोरल्याला करून द्यावी लागते. ती आपोआप होत नाही.

आपल्याकडे नेमके याच्या उलट घडते. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाहुणे येतात. बाळासाठी दुपटी, झबली, चांदीचा वाळा येतो. थोरला दाराशी उभा असतो, आणि कोणीतरी हौशी मावशी त्याच्या गालाला चिमटा काढून म्हणते, "काय रे, आता तुझे लाड संपले!" मावशीच्या मनात वाईट काही नसते, पण साडेतीन वर्षांच्या पोराला थट्टा आणि वार्ता यांतला भेद कळत नाही. त्याला ती वार्ताच वाटते. त्यापेक्षा बाळाचे पांढरे वस्त्र हातात घेऊन चर्चपर्यंत जाण्याचा मान त्याला द्यावा. तो ते वाटेत एकदा चिखलात पाडील, हेही गृहीत धरावे.

चिडवाचिडवीचे मूळ पुष्कळदा वडील माणसांच्या जिभेवर असते, हे आमचे स्पष्ट मत आहे. "तुला आम्ही बोहारणीकडून जुन्या लुगड्यावर घेतले" हे वाक्य मराठी घरांत किती पिढ्या चालत आले असेल, देव जाणे! आधी ते काका म्हणतो, मग थोरला भाऊ उचलतो, आणि अंधार पडल्यावर, दिवे गेलेले असताना, धाकट्याच्या कानाशी म्हणतो. दिवसा हसण्यावारी गेलेले वाक्य रात्री खरे वाटू लागते. एखादे मूल काही न बोलता आरशासमोर उभे राहून आपले नाक आईसारखे आहे की नाही हे पाहू लागते.

आणि रंग! "थोरली उजळ आहे, धाकटी जरा सावळीच" हे वाक्य फेस्ताच्या जेवणात, लग्नाच्या मांडवात, धाकटीच्या देखत, तिला ऐकू येईल अशा आवाजात बोलले जाते. तसेच गुणपत्रिकेचे. "दादाला गणितात नव्वद, आणि तुला?" असे विचारणारी आत्या पाच मिनिटांत निघून जाते. तिने ठेवून दिलेला विंचू त्या घरात वर्षभर फिरत राहतो. पुढल्या भांडणात थोरली धाकटीला "काळू" म्हणते, तेव्हा आई थोरलीला रागावते. तो शब्द थोरलीने कोठून आणला, हे विचारण्याचे धैर्य आईला होत नाही, कारण उत्तर तिच्या माहेरच्या किंवा सासरच्या माणसांपर्यंत जाऊन पोचते. आमचे म्हणणे असे की, त्या पाहुण्यांसमोरच, हसतमुखाने पण ठामपणे, आईने किंवा वडिलांनी "आमच्या घरी असे मोजमाप करीत नाहीत हो" एवढे म्हणावे. पाहुणा क्षणभर ओशाळेल. मूल ते वाक्य विसरणार नाही.

थट्टा कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे माप चिडवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून मिळत नाही, कारण तो नेहमीच "मी गंमत करीत होतो" असे सांगतो. ज्याला चिडवले त्याच्या तोंडाकडे पाहावे. दोघे हसत असतील तर तो खेळ. त्यात वडिलांनी पडूच नये. चिडवण्यातूनही मुले पुष्कळ शिकतात: शब्दाला शब्द कसा द्यावा, आपला राग कसा गिळावा, दुसऱ्याला किती ताणावे. याच डनबाईंनी पुढे असे दाखवून दिले की, दीड वर्षाचे मूलही थोरल्याला नेमके कशाने डिवचावे हे जाणू लागते. थोरल्याची लाडकी चिंधी पळवून नेऊन ते मागे वळून पाहते. म्हणजे ज्याला अजून नीट चालता येत नाही, त्याला भावाच्या मनाचा पत्ता लागलेला असतो. म्हणून "ते लहान आहे, त्याला काय कळते" हे वाक्य थोरल्यासमोर बोलताना आईने थोडे थांबावे. थोरल्याला पक्के ठाऊक असते की, त्याला सर्व कळते.

परंतु शरीरातील व्यंग, तोतरेपणा, रात्री अंथरूण ओले होणे आणि अंधाराची भीती, या चार गोष्टींची थट्टा घरात मुळीच चालू देऊ नये. तेथे एकच कडक नियम असावा, आणि तो बापालाही लागू असावा.

पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा आपण मुलांना सांगतो ती बहुधा दुष्ट भावांची कथा म्हणून. ती बापाची कथा म्हणून एकदा वाचून पाहावी. याकोबाने बारा मुलांपैकी एकालाच विशेष अंगरखा करून दिला, आणि तो त्या मुलाने सर्वांसमोर घातला. भाऊ त्याच्याशी धड बोलेनासे झाले, असे शास्त्र सांगते. आणि हे सर्व बापाच्या डोळ्यांदेखत चालले होते. बरे, याकोबाला पक्षपाताचे दुःख ठाऊक नव्हते असेही नाही. तो स्वतः अशाच घरात वाढला होता. इसहाकाचा ओढा शिकार आणून देणाऱ्या एसावाकडे, आणि रिबेकेचा याकोबाकडे. त्यातून वडील भावाचा आशीर्वाद कपटाने घेण्याची पाळी आली आणि याकोबाला घर सोडून पळावे लागले. एवढे भोगलेला मनुष्य आपल्या घरी पुन्हा तेच करतो! मातापित्यांनी स्वतःच्या बालपणातील जी जखम बोलून दाखविलेली नसते, ती पुष्कळदा मुलांच्या वाटणीत उमटते, असे आम्हांस वाटते.

येथे एक उपविषय उरकून घेऊ. पहिले मूल जबाबदार, मधले बंडखोर, शेंडेफळ लाडावलेले, असे ठोकताळे आपल्याकडे फार ऐकू येतात. त्यांना विद्वत्तेचा आधार मिळाला तो व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर (१८७०–१९३७) यांच्या लेखनातून. धाकट्याच्या जन्माने थोरला सिंहासनावरून खाली येतो, हे त्यांचे वर्णन मार्मिक आहे. परंतु २०१५ साली अमेरिका, ब्रिटन व जर्मनी येथील वीस हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली गेली, तेव्हा जन्मक्रमाचा स्वभावावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. तेव्हा "मधला आहे ना, म्हणून असा" हे निदान आता पत्रिकेतील शनी-मंगळाबरोबर ठेवून द्यावे हे बरे.

मग न्यायासनावरील आईने करावे काय? "आधी कोणी सुरू केले?" हा प्रश्न सोडून द्यावा. त्याचे खरे उत्तर कोणालाच ठाऊक नसते. भांडणाचे मूळ कालच्या भांडणात आणि त्याचे परवाच्यात असते. दोघांनाही दोन-दोन मिनिटे बोलू द्यावे. एक बोलताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालावयाचे नाही. मग आईने दोघांचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगावे: "तुला तो रंगांचा डबा चित्र पुरे होईपर्यंत हवा आहे, आणि हिला तिच्या चित्रातले आभाळ रंगवावयाचे आहे. बरे, आता दोघांनी मिळून मार्ग काढा. मी पोळ्या संपवून येते." पुष्कळदा मार्ग निघतो. कधी निघत नाही; मग डबा फडताळावर जातो, आणि दोघे मिळून आईवर चिडतात. तीही एक प्रकारची एकी आहे.

"तू मोठा आहेस ना, दे तिला" हे वाक्य मात्र जपून वापरावे. महिन्यातून एकदा थोरल्याने समजून घ्यावे, हे ठीक. रोजच मोठेपण म्हणजे वस्तू सोडून देणे ठरले, तर थोरल्याला मोठेपणाचाच वीट येतो. आणि धाकटी इतके शिकते की, किंचाळी पुरेशी उंच असली म्हणजे वस्तू मिळते. मोठेपणाबरोबर काही हक्कही येऊ द्यावा. अर्धा तास उशिरा झोपण्याची मुभा, वडिलांबरोबर बाजारात जाणे, एखादे कपाट ज्याला धाकट्यांनी हात लावावयाचा नाही.

कधी कधी मात्र समजुतीने भागत नाही आणि भांडणाऱ्यांस काही काळ दूरच करावे लागते. संत जॉन बॉस्को यांच्या घरची हकिगत यासाठी वाचण्यासारखी आहे. त्यांचे वडील १८१७ साली वारले, तेव्हा जॉन दोन वर्षांचाही नव्हता. वडिलांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा आंतोनियो त्याच्याहून सात वर्षांनी मोठा होता. जॉनला पुस्तकाचे वेड. आंतोनियोला शेतावरच्या माणसाने पुस्तक घेऊन बसावे हे मुळीच खपत नसे. घरातले वातावरण इतके तापले की, १८२८ सालच्या फेब्रुवारीत आई मार्गारितेने बारा वर्षांच्या जॉनला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून कामाला जावयास सांगितले. मोलिया कुटुंबाकडे तो दीड वर्षाहून अधिक काळ राहिला. आपल्या चरित्रकथांतून आंतोनियो नेहमीच खलनायक म्हणून येतो, आणि ते आम्हांस रुचत नाही. त्या मुलाची आई गेली, मग बाप गेला, आणि कोवळ्या वयात शेताचा भार अंगावर आला. धाकट्याच्या हातातील पुस्तक त्याला कसे दिसत असेल? मार्गारितेचे मोठेपण आम्हांस यात दिसते की, तिने सावत्र मुलास घराबाहेर काढले नाही आणि स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची आशाही सोडली नाही. त्या दिवशी तिच्यावर काय गुदरले असेल, ते आयांनीच जाणावे.

वाटणीच्या भांडणावर एक जुना उपाय आहे. केक असो वा कलिंगड, एकाने कापावे आणि दुसऱ्याने आधी निवडावे. कापणाऱ्याची नजर एकाएकी सोनाराच्या काट्याइतकी सूक्ष्म होते. आब्राहामाने लोटाबरोबर जमिनीचा तंटा मिटविला तो याच जातीच्या युक्तीने. तो वडील असून त्याने पुतण्याला आधी निवडू दिले. परंतु सर्वच गोष्टी अशा कापता येत नाहीत. थोरलीला चश्मा लागला म्हणून धाकटीलाही घ्यावयाचा नसतो. ज्या घरात एक मूल आजारी किंवा अधू असते, तेथे आईचा वेळ समान वाटला जाणेच अशक्य. अशा वेळी निरोगी भावंडाला "तुला काय धाड भरली आहे?" असे न म्हणता, आठवड्यातून एखादा तास तरी केवळ त्याचा म्हणून राखावा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १८ फेब्रुवारी २०१५ रोजी भावंडांच्या नात्यावर जे प्रवचन केले, त्यात दुबळ्या, आजारी किंवा अपंग भावंडाला इतर भावंडे कसा आधार देतात याचा मुद्दाम उल्लेख होता. तो आधार मिळत राहावयाचा, तर आधार देणाऱ्याकडेही कोणीतरी पाहिले पाहिजे.

उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील थोरला भाऊ नेमका याच ठिकाणी अडला होता. धाकट्यासाठी पुष्ट वासरू कापले, आणि मला मित्रांबरोबर खावयास साधे करडूसुद्धा कधी दिले नाही, ही त्याची फिर्याद होती. बापाने त्याला मत्सरी म्हणून झिडकारले नाही, हे ध्यानात घ्यावे. मेजवानी सोडून तो बाहेर अंगणात आला आणि त्याची समजूत घालू लागला. थोरला आत गेला की नाही, हे प्रभू येशूने सांगितलेलेच नाही.

लिस्यूच्या संत तेरेजाच्या घरीही सारे काही मेणबत्तीच्या प्रकाशातच चालले होते असे नव्हे. लुई आणि झेली मार्टिन यांना नऊ अपत्ये झाली, त्यांपैकी पाच मुली जगल्या. हे दांपत्य २०१५ साली संतपदास पोचले. तेरेजा सर्वांत धाकटी, १८७३ ची. एकदा लेओनी या थोरल्या बहिणीने बाहुलीचे कपडे व चिंध्या यांची टोपली धाकट्यांसमोर धरून हवे ते घ्यावयास सांगितले. सेलीनने एक लहानसे पुडके उचलले. तेरेजाने क्षणभर विचार केला, आपल्याला सर्वच हवे असे जाहीर केले, आणि टोपलीच घेतली! सेलीनला आपण ढकलले, एकदा चापटही मारली, असेही ती आईपाशी आपण होऊन सांगत असे. याच दोघी बहिणी पुढे एकमेकींच्या जिवाच्या मैत्रिणी झाल्या आणि एकाच मठात राहिल्या. आज तुमच्या घरी टोपली पळविणारी कोणी असेल, तर एवढ्यावरून तिच्या भवितव्याविषयी तर्क बांधू नये.

तथापि एका गोष्टीविषयी आम्हांस सावध करावयाचे आहे. मारणारा नेहमी तोच आणि मार खाणारा नेहमी तोच असेल, एखादे मूल भावाबरोबर एकटे राहण्यास भीत असेल, अंगावर वळ लपवीत असेल, त्याच्या वस्तू वारंवार मुद्दाम मोडल्या जात असतील, तर त्याला भावंडांचे भांडण हे गोड नाव देऊ नये. इंग्लंडमध्ये सुमारे ७ हजार मुलांना बाराव्या वर्षी याविषयी विचारले आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, भावंडांकडून आठवड्यातून अनेकदा छळ सोसलेल्या मुलांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. अशा घरी दोघांनाही मदत हवी असते, मारणाऱ्यालाही. त्याच्याशी एकान्तात बोलावे. शाळेत त्याला कोणी असेच छळत नाही ना, हे पाहावे. आणि आपल्याने न झाल्यास शाळेतील समुपदेशक किंवा डॉक्टर यांच्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. धर्मगुरूंकडे घेऊन जावयाचे असेल, तर मुलाला दरडावण्यासाठी म्हणून नेऊ नये. पाद्रीबाबांचा बागुलबुवा करणे पाद्रीबाबांनाही आवडत नाही.

राहता राहिली सायंकाळची जपमाळ. कोणते रहस्य कोणी म्हणावयाचे यावरून ज्या घरात तंटा होत नाही, ते घर आम्ही अद्याप पाहिलेले नाही. पहिले रहस्य मानाचे म्हणून हवे, आणि शेवटचे, ते संपले की जेवण म्हणून हवे. मधल्या तिसऱ्याला कोणी वाली नाही. घरात तीन मुले असली, तर दोन रहस्ये आईवडिलांकडे राहतात. जो काल शेवटी होता त्याने आज आरंभ करावा आणि नावे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, म्हणजे कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही. जेथे दोनच मुले आहेत तेथे दोघांना दोन-दोन द्यावी आणि पाचवे आजीला द्यावे. आजी प्रत्येक 'नमो मरिया' सावकाश, डोळे मिटून, लांबवीत म्हणेल, आणि मुले कुरकुर करतील. पण ती कुरकुर दोघांची मिळून असेल.